माशांना कोणते तेल मानवते?

हिवाळ्याच्या दिवसांत पहाटे खोबरेलाची बाटली हाती घ्यावी, तो आतील तेल थिजून पांढरे झालेले असते. ग्वाल्हेर-इंदूरकडच्या थंडीत तर बाटली उन्हात ठेवावी वा गरम पाण्यात धरावी, तेव्हा कुठे चार थेंब तळहातावर येतात. त्याच फळीवर ठेवलेले जवसाचे तेल मात्र जसेच्या तसे वाहते असते. हा अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. आता त्याच पहाटे काश्मीरमधील किंवा हिमाचल प्रदेशातील एखाद्या ओढ्याची कल्पना करा. पाणी इतके गार, की हात क्षणभर बुडवला तरी बधिर व्हावा. आणि त्या पाण्यात ट्राउट नावाचा मासा खुशाल सुळसुळत असतो. अंगची ऊब राखण्याची जी सोय आपल्याला निसर्गाने दिली आहे, ती त्याला नाही. पाणी जितके गार, तितकेच त्याचे अंगही गार. त्याच्या अंगातील स्निग्ध द्रव्य खोबरेलासारखे असते, तर ते थिजून त्याला पर हलवणेही अशक्य झाले असते. मग ते थिजत का नाही?

ह्या साध्या प्रश्नाच्या उत्तरात मत्स्यशेतीतील एका मोठ्या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तो प्रश्न असा : पाळलेल्या माशाच्या खाद्यात कोणते तेल असावे, किती असावे, आणि ते चुकले तर त्याच्या वाढीवर काय परिणाम होतो? आज मी आपणांशी बोलणार आहे ते ह्याच विषयावर.

हा विषय केवळ प्रयोगशाळेतील पंडितांचा आहे असे कोणी समजू नये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात पाळून वाढविलेल्या जलचरांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टनांवर गेले आणि जाळ्याने पकडलेल्या जलचरांपेक्षा ते प्रथमच अधिक भरले. म्हणजे ह्यापुढे आपल्या ताटात येणारा मासा समुद्रातून पकडून आणलेला असण्यापेक्षा कोणीतरी दाणापाणी घालून वाढविलेला असण्याचा संभव अधिक. आणि जेथे मासे दाटीने पाळले जातात, तेथे निम्म्याहून अधिक खर्च एकट्या खाद्यावरच होतो. अशा वेळी खाद्यातील चिमूटभर द्रव्य चुकले आणि मासे वाढले नाहीत, तर मत्स्यपालकाचे वर्ष वाया जाते. कित्येकदा तर तो पाण्याला दोष देतो, बीजाला दोष देतो; परंतु दोष असतो तेलाचा.

प्रथम तेल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. तूप असो, खोबरेल असो की माशाचे तेल असो, सर्व स्निग्ध पदार्थ मुख्यतः मेदाम्लांचे बनलेले असतात. मेदाम्ल म्हणजे कार्बनाच्या अणूंची एक लांब साखळी. ह्या साखळीतील सर्व कड्या एकेरी सांध्यांनी जोडलेल्या असल्या, तर साखळी सरळ राहते. अशा साखळ्या एकमेकींना लगटून बसतात आणि पदार्थ लवकर थिजतो. ह्यांना संपृक्त मेदाम्ले म्हणतात. साखळीत कोठे दुहेरी सांधा आला, म्हणजे तेथे तिला बाक येतो. वाकड्या काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तशा ह्या बाकदार साखळ्या दाटीने बसू शकत नाहीत आणि पदार्थ वाहता राहतो. ही असंपृक्त मेदाम्ले होत.

आकड्यांनी हा फरक चांगला ध्यानात येतो. स्टिअरिक, ओलेइक, लिनोलेइक आणि लिनोलेनिक ह्या चारही आम्लांत कार्बनाचे अणू १८च आहेत. पहिल्यात दुहेरी सांधा मुळीच नाही. ते ६९ अंश सेल्सिअसपर्यंत घट्ट राहते. दुसऱ्यात एक सांधा आहे; ते १३ अंशांवर वितळते. तिसऱ्यात दोन आहेत. ते शून्याखाली ५ अंशांपर्यंत वाहते असते. चौथ्यात तीन, ते शून्याखाली ११ अंशांपर्यंत थिजत नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक भाग ह्या चौथ्या आम्लाचा असतो. फळीवरील दोन बाटल्यांचे कोडे येथे उलगडते आणि ओढ्यातील ट्राउटचेही.

प्राण्याचे शरीर असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते, आणि प्रत्येक पेशीभोवती मेदाम्लांनी घडलेले एक अतिशय पातळ पटल असते. ह्या पटलातूनच अन्नद्रव्ये आत जातात, निरुपयोगी द्रव्ये बाहेर पडतात. मज्जातंतूंचे निरोपही त्याच्याच आधाराने पुढे जातात. हे पटल लवचिक राहिले तरच पेशीचा व्यवहार सुरळीत चालतो. पाणी गार होऊ लागले, की मासा आपल्या पटलांतील असंपृक्त मेदाम्लांचे प्रमाण वाढवितो आणि त्यांचा मऊपणा टिकवून धरतो. थंडी आली की आपण पेटीतून घोंगडी काढतो, तसाच हा प्रकार. परंतु घोंगडी काढावयाची तर ती पेटीत असावी लागते. ती तेथे येते ती आहारातून.

येथे एक महत्त्वाचा नियम सांगावयास हवा. प्राण्याचे शरीर पुष्कळशी मेदाम्ले स्वतःच तयार करू शकते. परंतु साखळीच्या शेपटीकडून मोजू लागले असता तिसऱ्या व सहाव्या जागी दुहेरी सांधा घालण्याची कला बहुतेक प्राण्यांना अवगत नाही. ती वनस्पतींना साधते. सहाव्या जागी पहिला सांधा असलेले लिनोलेइक आम्ल हे ओमेगा-६ कुळाचे मूळ, आणि तिसऱ्या जागी असलेले लिनोलेनिक आम्ल हे ओमेगा-३ कुळाचे मूळ. ही दोन्ही अन्नातूनच मिळवावी लागतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर व मिल्ड्रेड बर ह्या दांपत्याने १९२९ साली हे प्रथम दाखवून दिले. त्यांनी उंदरांना पोटभर परंतु पूर्णपणे स्नेहरहित अन्न दिले. उंदरांची वाढ खुंटली, शेपट्यांवर खवले धरले. लिनोलेइक आम्ल देताच ते सुधारले. तोवर स्निग्ध पदार्थ म्हणजे केवळ जळण, असा समज होता. त्याला ह्या प्रयोगाने धक्का दिला.

मग माशांचे काय? आरंभी संशोधकांना वाटले, जे उंदराला तेच माशाला. ह्या समजुतीला १९७२ साली ऑरेगन येथे कॅस्टेल, सिन्हुबर व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंद्रधनुषी ट्राउटवर केलेल्या प्रयोगांनी छेद दिला. उंदराला तारणारे लिनोलेइक आम्ल ट्राउटला पुरेसे ठरले नाही. ओमेगा-३ कुळातील लिनोलेनिक आम्ल ज्यांना मिळाले नाही, त्या माशांची वाढ मंदावली, परांच्या कडा झिजल्या, हृदयाच्या स्नायूंत विकृती आढळली. सर्वांत चमत्कारिक लक्षण असे, की त्यांना जाळीने उचलले किंवा टाकीतून हलविले, की ते एकाएकी मूर्च्छित होत. खाद्याच्या शंभर भागांत सुमारे एक भाग लिनोलेनिक आम्ल मिसळताच ही सर्व लक्षणे टळली. शंभरात एक भाग! किलोभर खाद्यात अवघे १० ग्रॅम. परंतु त्या १० ग्रॅमविना उरलेले ९९० ग्रॅम पूर्णपणे सार्थकी लागत नाहीत.

ह्यानंतर जपानमध्ये वातानाबे, ताकेउची इत्यादी संशोधकांनी एकामागून एक मासा हाती घेतला, आणि प्रत्येकाची गरज निराळी असल्याचे दिसून आले. आपल्याकडील मत्स्यपालक ज्याला सायप्रिनस म्हणतात, त्या कार्प माशाला दोन्ही कुळांची आम्ले हवीत. शंभरात एक भाग लिनोलेइक व एक भाग लिनोलेनिक मिळाले असता त्याची वाढ उत्तम होते. मूळच्या आफ्रिकेतील, उष्ण पाण्यात वाढणाऱ्या तिलापियाची गरज प्रामुख्याने ओमेगा-६ कुळाची. शंभरात अर्धा ते एक भाग त्याला पुरतो. ट्राउट थंड पाण्याचा, त्याला ओमेगा-३ हवे. तिलापिया ऊन पाण्याचा, त्याला ओमेगा-६ हवे. कार्प मधला, त्याला दोन्ही हवीत. ही विभागणी पाण्याच्या तापमानाशी बरीच जुळते. मात्र तापमान हेच एकमेव कारण नव्हे. माशाचे कुळ पिढ्यान् पिढ्या काय खात आले, ह्यालाही तितकेच महत्त्व आहे. समुद्रातील माशांकडे वळले, म्हणजे हे स्पष्ट होते.

लिनोलेनिक आम्ल मिळाले, की गोड्या पाण्यातील बहुतेक मासे त्याची साखळी लांबवितात, तिच्यात आणखी दुहेरी सांधे घालतात आणि २० कार्बनांचे ई.पी.ए. व २२ कार्बनांचे डी.एच.ए. अशी दोन बहुमोल आम्ले घडवितात. सोनाराला सोने आणून द्यावे आणि त्याने दागिना घडवावा, तसेच हे. समुद्रातील मांसाहारी माशांच्या घरी मात्र हा सोनार जवळजवळ नसल्यासारखाच. कारण उघड आहे. समुद्रातील सूक्ष्म शैवले ही आम्ले मुळातच भरपूर तयार करतात; शैवले खाणाऱ्या कीटकसदृश जीवांत ती उतरतात, त्यांना खाणाऱ्या लहान माशांत आणि शेवटी मोठ्या माशांत येतात. ज्याच्या घरी घडविलेले दागिने रोज आयते येतात, तो सोनार कशाला ठेवील? हजारो पिढ्यांच्या ह्या सुबत्तेत त्यांची घडविण्याची शक्ती क्षीण झाली. म्हणून टर्बट किंवा रेड सी ब्रीम ह्यांसारख्या समुद्री माशांना जवसाचे तेल कितीही पाजले तरी भागत नाही, त्यांना ई.पी.ए. व डी.एच.ए. तयारच द्यावी लागतात. ह्या नियमालाही अपवाद आहेत. समुद्रातील शेवाळे व वनस्पती चरणारा रॅबिटफिश नावाचा मासा डी.एच.ए. घडवू शकतो, आणि ते घडविणारे एक नवेच विकर त्याच्या अंगी असल्याचे २०१० साली सिद्ध झाले. शाकाहाऱ्याच्या घरी सोनार राहिला, कारण त्याला तो हवाच होता!

आपल्या किनाऱ्यावरील एक उदाहरण घेऊ. गोव्यात ज्याला चोणक म्हणतात आणि रायगडच्या किनाऱ्यावर जिताडा, तो मासा खवय्यांच्या विशेष आवडीचा. गोव्याच्या खाजनांत मानशीच्या दारांतून भरतीच्या पाण्याबरोबर त्याची पिल्ले आत येत; अलिबागकडील खारजमिनींतील तळ्यांतही तो फार पूर्वीपासून जोपासला जातो. अशा तळ्यांत तो कोळंबी व लहान मासे मारून खातो आणि त्याला हवी ती आम्ले त्यांतूनच मिळतात. तेथे तेलाचा प्रश्न कोणाला पडत नाही. परंतु हाच जिताडा पिंजऱ्यात किंवा सिमेंटच्या टाकीत शेकड्यांनी सोडून गोळी खाद्यावर वाढवावयाचा म्हटले, की प्रश्न उभा राहतो. त्याच्या खाद्यात ओमेगा-३ कुळातील ही लांब साखळीची आम्ले शंभरात सुमारे एक भाग असावीच लागतात. रोहू-कटल्याकरिता केलेले स्वस्त खाद्य आणून त्याला घातले, तर तो जगेल कदाचित; पण त्याच्याकडून अपेक्षिलेली वाढ मिळणार नाही.

वाढ खुंटते ती नेमकी कशाने, असे कोणी विचारील. त्याची कारणे अनेक आहेत. वाढ म्हणजे नव्या पेशींची भर. आणि प्रत्येक नव्या पेशीला नवे पटल हवे. योग्य मेदाम्लांचा तुटवडा असला, की पटले निकृष्ट बनतात, यकृतात चरबी साचते, पचलेल्या अन्नाचे मांस होण्याचे काम रेंगाळते. २० कार्बनांच्या आम्लांपासून शरीरात काही नियंत्रक द्रव्येही तयार होतात. दाह, रक्त गोठणे, प्रजनन अशा क्रियांवर त्यांचा अंमल चालतो. तेव्हा आम्लांच्या अभावी मासा रोगालाही लवकर बळी पडतो. ह्याखेरीज डी.एच.ए.चे एक खास स्थान आहे. ते मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात मोठ्या प्रमाणात असते. स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९९५ साली हेरिंग माशाच्या पिल्लांवर केलेला प्रयोग ह्या दृष्टीने बोलका आहे. ज्या पिल्लांना डी.एच.ए. कमी मिळाले, त्यांना अंधुक प्रकाशात भक्ष्य नीट टिपता येईना. खाद्य पुढ्यात आहे, भूकही आहे. पण दिसत नाही! अशा पिल्लाची वाढ होणार तरी कशी?

म्हणूनच समुद्री माशांच्या बीजनिर्मिती केंद्रांत पहिल्या काही आठवड्यांची फार काळजी घेतात. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना रोटिफर व आर्टेमिया नावाचे सूक्ष्म जीव खाऊ घालतात. आर्टेमियात डी.एच.ए. जवळजवळ नसतेच. तेव्हा पिल्लांना देण्यापूर्वी त्या जीवांनाच काही तास डी.एच.ए.युक्त तेलाच्या दुधात ठेवून पुष्ट करतात. बाळाला औषध द्यावयाचे तर आईला पाजावे, तशातलाच हा प्रकार.

आता एक रास्त शंका. आपल्या पूर्वजांना ह्यातले काहीच ठाऊक नव्हते, तरी गावोगावच्या तळ्यांत रोहू, कटला, मृगळ चांगले वाढतच होते ना? होय, वाढत होते. कारण शेणखताने तळ्याचे पाणी हिरवट होते, त्यात सूक्ष्म वनस्पती व जीव, म्हणजे प्लवंग, वाढतात आणि ओमेगा-३ कुळाची आम्ले त्या प्लवंगातून माशाला मिळतात. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा हे त्या तळ्यात केवळ पूरक अन्न असते. जोवर मासे विरळ आहेत, तोवर तळेच अर्धी चूल चालविते. परंतु त्याच तळ्यात दुप्पट-तिप्पट बोटुकली सोडली, तर प्लवंग पुरत नाही. जलाशयातील पिंजऱ्यात तर मासा जवळजवळ सर्वस्वी आपल्या हातच्या घासावरच अवलंबून असतो. मग खाद्यात जे नाही, ते त्याला कोठूनही मिळत नाही.

समजा, दोन शेजाऱ्यांनी एकाच दिवशी, एकाच ठिकाणचे सायप्रिनसचे बीज दाटीने सोडले. दोघांनीही सारख्याच वजनाचे खाद्य घातले. एकाच्या खाद्यात भुईमुगाची पेंड व कोंडा एवढेच होते. भुईमुगाच्या तेलात ओलेइक व लिनोलेइक आम्ले विपुल. पण लिनोलेनिक नावापुरतेही नसते. कोंड्यातही ते अगदी थोडे. दुसऱ्याने त्यात मोहरीची पेंड घातली, थोडे जवसाचे तेल मिसळले. मोहरीच्या तेलात लिनोलेनिक आम्ल शंभरात सुमारे दहा भाग असते. जवसाचे तर आपण पाहिलेच. दुसऱ्याचे मासे अधिक वाढले, तर त्याचे श्रेय नशिबाला देण्याचे कारण नाही. ज्या मध्य प्रदेशात व विदर्भात जवस पिकतो, चटणीच्या रूपाने रोजच्या ताटात येतो, तेथील मत्स्यपालकाला हे द्रव्य दूर शोधावयास नको. मात्र जवसाच्या पेंडीत काही अपायकारक द्रव्येही असतात. त्यामुळे ती फार घालू नये, मोजूनमापूनच घालावी.

कोणते तेल, हे कळले. आता किती, ते पाहू. एक ग्रॅम स्नेहापासून सुमारे ९ कॅलरी उष्णता मिळते, प्रथिनापासून सुमारे ४. तेव्हा खाद्यात पुरेसा स्नेह असला, तर मासा महागडे प्रथिन जळणासाठी खर्चीत नाही. ते मांस होण्यासाठी राहते. ही बचत मोठीच आहे. परंतु तिलाही मर्यादा आहे. सॅमनसारखा मासा खाद्यात शंभराला तीसपर्यंत स्नेह पचवितो. कार्प कुळातील माशांना पाच ते आठ भाग पुरेसे होतात. त्याहून पुष्कळ अधिक घातल्यास पोटात चरबी साचते, यकृत बिघडते, मासा वजनाला भरतो पण साफ केल्यावर मांस कमी निघते. शिवाय आवश्यक आम्लेदेखील गरजेच्या कित्येक पटींनी दिली, तर वाढ उलट मंदावते. तूप पौष्टिक खरे. पण वाटीने पिणाऱ्याची प्रकृती सुधारत नाही.

आणि तिसरी गोष्ट, तेलाच्या ताजेपणाची. ज्या दुहेरी सांध्यांमुळे ही आम्ले मोलाची, तेच सांधे त्यांचे मर्मस्थान. हवा, ऊन व उष्णता ह्यांच्या संपर्काने तेथे प्राणवायूचा हल्ला होतो आणि तेल खवट होते. जपानमध्ये रेशमाच्या किड्यांचे वाळविलेले कोश खाऊ घातलेल्या कार्प माशांची पाठ खंगून कृश होत असे. शोध घेता असे आढळले, की कोशांतील तेल खवट झाले होते; ई जीवनसत्त्व दिल्याने हा विकार टळत असे. आपल्याकडे हाच धोका कच्च्या कोंड्यात संभवतो. गिरणीतून निघाल्यावर थोड्याच दिवसांत त्यातील तेल फुटू लागते. म्हणून कोंडा ताजाच वापरावा किंवा तेल काढून घेतलेला घ्यावा. गोळी खाद्याची पोती पत्र्याखाली उन्हात रचू नयेत. गरजेपुरताच साठा करावा. ज्या पोत्याला खवट वास येतो, ते स्वस्तात मिळाले तरी महागच पडते.

येथवर आपण मत्स्यपालकाच्या हिताचा विचार केला. परंतु ह्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती मासा खाणाऱ्या प्रत्येकाच्या हिताची आहे. ई.पी.ए. व डी.एच.ए. ही आम्ले माणसाच्या हृदयाला, मेंदूला व डोळ्यांनाही उपकारक आहेत, आणि बांगडा, तारली अशा मासळीतून ती आपल्याला मिळतात. पाळीव माशांसाठी ह्या आम्लांचा पारंपरिक साठा म्हणजे समुद्रातील लहान माशांचे तेल. जगात हे तेल वर्षाला सुमारे १० लाख टन निघते, आणि कित्येक वर्षे ह्या आकड्यात फारशी वाढ झालेली नाही. त्यातही पेरू देशाच्या किनाऱ्यावरील अँचोव्ही मासळीचा वाटा मोठा. समुद्र तापला, की ती मासळी दुर्मिळ होते; २०२३ साली एल निनोच्या प्रभावामुळे तेथील मासेमारीचा पहिला हंगामच रद्द करावा लागला. मत्स्यशेती दरवर्षी वाढते आहे आणि तेल तेवढेच आहे, अशी ही ओढाताण आहे.

नॉर्वेतील सॅमन-पालकांनी ह्यावर उपाय शोधला तो वनस्पतीजन्य तेलाचा. १९९० साली तेथील खाद्यात शंभराला २४ भाग माशाचे तेल असे. २०१३ साली ते ११ भागांच्या आसपास आले आणि उरलेली जागा मुख्यतः रेपसीडच्या, म्हणजे मोहरीच्या कुळातील बियांच्या, तेलाने घेतली. सॅमनची वाढ जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली. पालकांना वाटले, प्रश्न सुटला. परंतु स्कॉटलंडमधील पाळीव सॅमनच्या मांसाची २००६ ते २०१५ ह्या काळात तपासणी झाली, तेव्हा त्यातील ई.पी.ए. व डी.एच.ए. निम्म्यावर आल्याचे आढळले. अन्य अनेक खाद्यांच्या मानाने तो मासा ह्या आम्लांत अजूनही संपन्नच होता. पण पूर्वी एका तुकड्यातून जे मिळे, त्याकरिता आता दोन तुकडे खाणे भाग पडले. मासा तेवढाच भरला, तेवढाच दिसला, त्याच्या पोटातील धन मात्र अर्धे झाले. पुढे नॉर्वेत असेही दिसून आले, की जी अल्प मात्रा टाकीतील माशाला पुरेशी वाटत होती, ती समुद्रातील पिंजऱ्यात, जेथे उपद्रवी किडे काढण्यासाठी माशांना वारंवार हाताळावे लागते, तेथे पुरी पडत नाही. अशा ताणाखाली मासे अधिक मरतात. सर्व काही सुरळीत चालू असता जे उणे दिसत नाही, ते संकटाच्या वेळी दिसते.

ह्या अनुभवाचा बोध मला फार मोलाचा वाटतो. आपण मत्स्यशेतीचे यश तराजूवर मोजतो. तराजू खोटे बोलत नाही; पण तो सर्वच खरे सांगतो असेही नाही. माशाची वाढ ही पहिली कसोटी खरीच. त्याची प्रकृती ही दुसरी आणि खाणाऱ्याला त्यापासून काय मिळाले, ही तिसरी. तिन्ही कसोट्यांना उतरेल असे खाद्य तयार करण्याचे प्रयत्न आता जोरात सुरू आहेत. ज्या सूक्ष्म शैवलांपासून समुद्रातील ही सारी संपत्ती निर्माण होते, तीच मोठ्या टाक्यांत वाढवून त्यांचे तेल काढतात. ते आज सॅमनच्या खाद्यात प्रत्यक्ष वापरले जाते. दुसरा उपाय काटकसरीचा आहे. आरंभी बराच काळ वनस्पतीच्या तेलावर मासा वाढवावयाचा आणि विक्रीपूर्वी काही आठवडे माशाचे तेल असलेले खाद्य द्यावयाचे. माशाचे मांस आहाराप्रमाणे बदलत असल्याने त्या अवधीत ही आम्ले त्यात पुष्कळ अंशी पुन्हा भरून येतात.

आपल्या मत्स्यपालकाने ह्या सर्वांतून घ्यावयाचे ते थोडे आणि सोपे आहे. आपण कोणता मासा पाळतो, तो प्रथम पाहावा. रोहू-कटल्याच्या तळ्यात पाणी हिरवट राखावे, आणि बीज दाट सोडले असेल, तर खाद्यात ओमेगा-३ कुळाचे काही तेल आहे ना, हे विचारून घ्यावे. जिताड्यासारखा समुद्री मांसाहारी मासा पाळावयाचा असेल, तर वनस्पतीच्या तेलावर त्याची बोळवण करू नये. पोत्यावर स्नेहाचे प्रमाण छापलेले असते. पण तो स्नेह कशाचा, हे विक्रेत्याला विचारण्याचा संकोच बाळगू नये. आणि खवट खाद्य माशापुढे टाकू नये.

मासळीबाजारात मासा घेताना आपण त्याचे कल्ले पाहतो, डोळे पाहतो, बोटाने दाबून ताजेपणा पाहतो. ह्यापुढे विक्रेत्याला आणखी एक प्रश्न विचारावा : हा मासा काय खाऊन वाढला? गिऱ्हाइके असा प्रश्न विचारू लागली, म्हणजे त्याचे उत्तर तळ्यापर्यंत पोहोचावयास वेळ लागणार नाही.